संध्याकाळची हजेरी

मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या रस्त्याला लागलं की बालाघाटाच्या डोंगरात लिंबागणेश येतं. गावाची ओळख भालचंद्र गणपतीची. शापातून सुटायला चंद्राने इथे तप केलं, अशी आख्यायिका. या पट्ट्याचं वर्ष मात्र चंद्रापेक्षा साखर कारखान्याच्या धुराड्याकडे बघून चालतं. दसरा झाला की मुकादम ऊसतोडीच्या टोळ्या भरतो, दिवाळीच्या आसपास ट्रक-ट्रॅक्टर हलतात आणि कोयते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जाऊन पडतात. इकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं.

या पोरांसाठी हंगामी वसतिगृह असतं. नाव वसतिगृह, पण बहुतेक गावांत त्याला वेगळी इमारत नसते. जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन वेळचं जेवण आणि झोपायला आजीकडे नाहीतर चुलत्याकडे. कारभार शाळा व्यवस्थापन समितीचा. कल्पना शहाणपणाची आहे: मूल गावात राहतं, शाळा बुडत नाही, आजीच्या चुलीवर बोजा पडत नाही. हजेरीपटावर मुलं जास्त नि पंगतीत कमी, अशा तक्रारी जिल्ह्यात होत आल्या आहेत. तरीही कित्येक पोरं या योजनेमुळेच उसाच्या फडावर गेली नाहीत.

पण हे सगळं पोटाभोवती उभं आहे. शाळा पाचला सुटते, पोर झोपतं नऊ-दहाला. मधल्या वेळेचं काय? आजीला बहुतेकदा वाचता येत नाही, आणि घरातला मोबाइल आईचा फोन येईल म्हणून राखलेला असतो. अशा वेळी एखादे गुरुजी किंवा गावातलीच कॉलेजात शिकणारी एखादी ताई मुलांना घेऊन बसते. शाळेच्या बोलीत हे ‘जादा तास’. मला विचाराल तर वसतिगृहाचा जीव या जादा तासांत आहे.

तिथे काय चालतं? आठवीचं त्रैराशिक घ्या. पुस्तकातले मजूर भिंत बांधत असतात. पोरं गणित सोडवतात आणि विसरतात. त्याऐवजी फळ्यावर उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, मांडून बघा. जानेवारी २०२४च्या करारात ऊसतोडीचा दर टनाला २७३वरून ३६६ रुपयांवर गेला. जोडीने दिवसाला दोन टन तोडले, असं धरू. झाले ७३२ रुपये. उचल एक लाख. फिटायला दिवस किती? भागाकार १३६वर येतो आणि थोडं उरतं, म्हणजे १३७ दिवस. एवढ्यात मागून कुणीतरी विचारतं, “आणि खाडे?” आजारपणाचे खाडे धरले की हिशेब लांबतो, आणि पोटाचा खर्च तर अजून वजा व्हायचाच आहे. वर्गात ज्याला गणितात कच्चा म्हणतात ते पोर इथे सगळ्यांच्या आधी उत्तर देतं. फडावर गेलं होतं त्या वर्षी बापाच्या खेपांची वही त्यानेच ठेवलेली असते.

आठवीच्या वर्षी आणखी एक गोष्ट हाताशी असते. साधारण डिसेंबरात एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा होते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. बौद्धिक क्षमता चाचणीतल्या संख्यामालिका, आरशातल्या आकृत्या, सांकेतिक भाषा यांना शाळेच्या वेळापत्रकात जागा नाही. शहरात त्यासाठी क्लास असतो, इथे जादा तास. महिन्याला हजार ही काही मोठी रक्कम नाही. पण लग्नाचा विषय निघाला की “हिचे हजार येतात” हे एवढंच बोलणं मुलीच्या बाजूने पडतं.

तिच्या बाजूने दुसरं फारसं काही नसतं. शिक्षणहक्काचा कायदा आठवीपाशी थांबतो, शाळेतला पोषण आहारही तिथेच थांबतो. नेमक्या त्याच वयात आईला घोर लागतो की पाच-सहा महिने हिला कुणाच्या भरवशावर ठेवायची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. रोज संध्याकाळी नाव घेणारं कुणी असलं तर नववीतली मुलगी दोन दिवस दिसली नाही, हे तिसऱ्या दिवशी घरी जाऊन विचारता येतं. शाळेच्या हजेरीपटावरही ते दिसतं, पण तो पट उठून कुणाच्या दारात जात नाही.

हे काम कसं टिकवायचं, याचे नमुने महाराष्ट्रात आहेत. पुण्यात किशाभाऊ पटवर्धनांनी १९७९ साली वस्तीतल्या मुलांसाठी ‘स्व’-रूपवर्धिनी सुरू केली. तिथे वाढलेली मुलंच पुढे धाकट्यांना हाताशी धरतात. बीड जिल्ह्यातच, शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीला दीपक नागरगोजे यांचं ‘शांतिवन’ ऊसतोड्यांच्या मुलांना सांभाळतं. सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावने २०२२मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून टीव्ही-मोबाइल दीड तास बंद ठेवायचं ठरवलं. मला यातला पहिला नमुना या भागाला जास्त लागू वाटतो. भोंगा वाजवायला आई-बाप घरी असावे लागतात. ताई मात्र गावातलीच, चार-पाच वर्षांनी मोठी, स्वतः आजीकडे राहून दहावी झालेली असली तर तिला पोरांची सबब लगेच ओळखू येते.

राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर केली, प्रत्येकी शंभर मुलामुलींची. त्यांचा उपयोग आहेच. पण गावातल्या आजीकडे राहणाऱ्या बाकीच्यांची संध्याकाळ त्याने सुटत नाही. दहावीच्या परीक्षेचंच बघा. २०२५ साली पहिला पेपर २१ फेब्रुवारीला होता, म्हणजे ऐन गाळपाच्या दिवसांत. तेव्हा हॉलतिकिटावरचं नाव तपासायचं, केंद्रावर पोहोचायला एसटी किती वाजता ते बघायचं आणि पेपर सुटल्यावर फडातल्या आईला फोन लावून द्यायचा, ही सगळी कामं त्या ताईच्याच गळ्यात पडतात. तिला मानधन द्यायचं कुणी म्हटलं, तर आधी ते कोणत्या योजनेत बसवायचं, याच्यावर बैठक संपते.