नेट स्लो की लॅन स्लो?

'नेट स्लो आहे' हे वाक्य होस्टेलमध्ये दिवसातून दहादा कानावर पडतं. पण नेट वेगळं आणि लॅन वेगळी. शेजारच्या खोलीतून किंवा कॉलेजच्या सर्व्हरवरून फाइल घेताना बाहेरच्या लाइनचा काही संबंध नसतो. सध्या खोल्यांमधले लॅन सॉकेट काढून सगळं वायफायवर न्यावं अशी चर्चा आहे, म्हणून हा हिशोब.

फाइल आपण बाइटमध्ये मोजतो, लॅनचा वेग मात्र बिटमध्ये लिहितात. म्हणजे आठने भागायचं! ४ जीबीच्या फाइलला १० एमबीपीएसवर सुमारे ५३ मिनिटं, १०० वर साडेपाच मिनिटं आणि १००० वर अर्धा मिनिट लागतं. प्रत्यक्षात थोडं जास्तच, कारण प्रत्येक पॅकेटला हेडरचं ओझं असतं.

इथरनेट जन्मलं १९७३ साली, झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात; वेग होता २.९४ एमबीपीएस. पुढे १० झाला, पण एकाच कोअॅक्स केबलवर सगळे. दोघं एकदम बोलले की टक्कर, मग थांबून पुन्हा प्रयत्न. आयबीएमच्या टोकन रिंगमध्ये ४ आणि नंतर १६ एमबीपीएस मिळत, शिवाय टोकन हातात येईल त्यानेच बोलायचं, त्यामुळे टक्कर नाही. कागदावर ती सरस होती. तरी टिकलं इथरनेट, कारण ते स्वस्त होतं.

१९९५ साली वेग १०० वर गेला. पण माझ्या मते खरी उडी स्विचमुळे पडली. १०० च्या हबवर २४ जण एकदम डाउनलोडला बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ४ एमबीपीएस. स्विचवर प्रत्येक पोर्टला स्वतःचे १००, तेही जाताना वेगळे आणि येताना वेगळे. (अर्थात सगळे एकाच सर्व्हरवर तुटून पडले, तर अडचण सर्व्हरच्या पोर्टवर.)

आता वायफाय. हा हवेतला हबच समजा. २००३ च्या ८०२.११जी वर ५४ लिहिलेलं असे, हाती यायचे वीस-पंचवीस, आणि तेही मजल्यावरच्या सगळ्यांत वाटून. नवीन वायफाय ६ चे आकडे खूप मोठे आहेत, एकाच वेळी अनेकांशी बोलणंही त्याला जमतं. पण चॅनेल शेवटी सामाईकच, आणि मध्ये भिंती आल्या की वेग घसरतो. मोबाइलला ते ठीक आहे. प्रोजेक्टच्या मोठ्या फाइली हलवायला नाही.

म्हणून सॉकेट काढू नयेत असं मला वाटतं. भिंतीतली वायर कॅट ५ई असेल तर १०० मीटरपर्यंत १००० एमबीपीएस ती आरामात नेते. बदलावा लागेल तो फक्त मजल्यावरचा जुना स्विच. आणि स्विच गिगाबिटचा असूनही तुमच्या मशीनवर लिंक स्पीड १०० च दिसत असेल, तर आधी क्रिंपिंग तपासा. १०० ला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसली नसली, तर बऱ्याचदा कार्ड गुपचूप १०० वर उतरतं.