मॅट्रिक्स कीपॅड

मॅट्रिक्स कीपॅड हे सूक्ष्मनियंत्रकाला अंक, अक्षरे किंवा आज्ञा पुरविणारे आदान साधन आहे. यातील कळा आडव्या ओळी व उभे स्तंभ अशा जाळीत मांडलेल्या असतात. त्यामुळे मोजक्या तारांत पुष्कळ कळा जोडता येतात. छंद म्हणून किंवा शिक्षणासाठी बनविल्या जाणाऱ्या यंत्रमानवांत हा कीपॅड वेग, दिशा व सांकेतिक क्रमांक भरण्यासाठी वापरतात.

रचना

प्रत्येक कळ ही एक ओळ आणि एक स्तंभ यांच्या छेदबिंदूवरील साधा स्विच असते. ४×४ कीपॅडमध्ये १६ कळा व ८ तारा, तर ४×३ कीपॅडमध्ये १२ कळा व ७ तारा असतात. ४×४ कीपॅडवरील अंक, ए ते डी ही अक्षरे, तारांकन व चौकट ही चिन्हे यांची मांडणी दूरध्वनीच्या स्वरसंकेत पद्धतीतून आली आहे. त्या पद्धतीत चार ओळींना व चार स्तंभांना स्वतंत्र वारंवारता नेमून दिलेल्या आहेत.

पिनांचा हिशेब

आर्डुइनो उनो फलकावरील एटीमेगा३२८पी सूक्ष्मनियंत्रकाच्या १४ अंकीय व ६ सदृश, म्हणजे एकूण २० पिना वापरता येतात. दोन मोटारींच्या चालक मंडलास ६, स्वनातीत अंतरमापकास २ आणि संगणकाशी संपर्कास २ पिना दिल्या, तर १० उरतात. १६ कळा स्वतंत्रपणे जोडणे येथे अशक्य ठरते. जाळीच्या रचनेत मात्र ८ पिनांत काम होते. त्यात सहा पिनांचा एलसीडी पडदा जोडायचा झाल्यास पिना पुन्हा कमी पडतात. अशा वेळी पीसीएफ८५७४ हे विस्तारक मंडल वापरतात. ते आय-टू-सी पद्धतीने दोनच तारांवर चालते. कीपॅड व पडदा यांना वेगवेगळे पत्ते देऊन दोन्ही त्याच दोन तारांवर जोडता येतात.

कार्यपद्धती

स्तंभांच्या पिना आदान म्हणून ठेवून त्यांचे अंतर्गत पुल-अप रोधक चालू करतात. त्यामुळे एरवी त्यांची पातळी उच्च राहते. त्यानंतर आज्ञावली एकेक ओळ शून्य व्होल्टवर आणते आणि चारही स्तंभ वाचते. दुसरी ओळ शून्यावर असताना तिसरा स्तंभ शून्य झाला, तर त्या छेदावरील कळ दाबलेली आहे, असे ठरते. उरलेल्या ओळी या वेळी आदान स्थितीत ठेवणे आवश्यक असते. त्या उच्च पातळीवर ठेवल्या, तर एकाच स्तंभातील दोन कळा एकदम दाबताच दोन पिनांत थेट जोड होऊन सूक्ष्मनियंत्रकाला इजा पोहोचू शकते.

कीपॅडच्या पट्टीतील तारांचा क्रम सर्व उत्पादनांत सारखा नसतो. म्हणून मल्टिमीटरने ओळी व स्तंभ तपासून मगच जोडणी करतात.

अडचणी

कळ दाबताना धातूचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात. १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या सूक्ष्मनियंत्रकाच्या दृष्टीने एक मिलिसेकंद म्हणजे १६,००० स्पंद होत. त्यामुळे एकच दाब अनेक दाब म्हणून नोंदला जातो. सुमारे १० ते २० मिलिसेकंदांनी पुन्हा वाचून स्थिती कायम असेल तरच कळ स्वीकारणे, हा त्यावरील रूढ उपाय आहे.

दुसरी अडचण आभासी कळेची होय. आयताच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकदम दाबल्यास विद्युतप्रवाहाला आडवाट मिळते आणि चौथ्या कोपऱ्यावरील कळही दाबल्यासारखी भासते. प्रत्येक कळेला एक डायोड जोडल्यास हा दोष टळतो.

सुरक्षितता

कीपॅड स्वतःहून काहीही कळवीत नाही. आज्ञावलीने त्याला वाचावे लागते. आज्ञावली एखाद्या दीर्घ विरामात किंवा फेऱ्यात अडकली असेल, तर ‘थांब’ ही कळ दाबूनही यंत्रमानव चालतच राहतो. म्हणून लांब विराम टाळून कालमोजणीवर आधारलेली रचना करणे योग्य ठरते. आपत्कालीन थांबा मात्र कीपॅडवर न सोपविता मोटारींचा वीजपुरवठा थेट तोडणाऱ्या स्वतंत्र स्विचने द्यावा लागतो.

इतर साधने

जॉयस्टिकला दोन सदृश पिना व तिच्या कळेसाठी एक पिन लागते. अवरक्त दूरनियंत्रकाच्या ग्राहीला संकेतासाठी एकच पिन पुरते. एचसी-०५ या ब्लूटूथ घटकाची संकेतपातळी ३.३ व्होल्ट असल्याने ५ व्होल्टच्या फलकाकडून त्याच्याकडे जाणाऱ्या तारेत दोन रोधकांचा विभाजक घालतात.

महाराष्ट्रातील शिक्षण

मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ई-यंत्र प्रकल्प अभियांत्रिकी महाविद्यालयांत यंत्रमानवशास्त्राच्या शिक्षणाचा प्रसार करतो. त्यात वापरला गेलेला फायरबर्ड-५ हा यंत्रमानव एटीमेगा२५६० या अधिक पिनांच्या सूक्ष्मनियंत्रकावर आधारलेला आहे. शालेय पातळीवर नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानातून २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अटल टिंकरिंग प्रयोगशाळांना अनुदान दिले जाते.