तांबड्या राक्षसी ताऱ्यांचे वारे आणि खोडद येथील निरीक्षण

ताऱ्याचे भवितव्य त्याच्या वस्तुमानावर अवलंबून असते. परंतु हे वस्तुमान आयुष्यभर स्थिर राहत नाही. सूर्य सौरवाऱ्याद्वारे आपले अत्यल्प द्रव्य सतत गमावत असतो. गाभ्यातील हायड्रोजन संपल्यावर सूर्यासारखा तारा फुगून तांबडा राक्षसी तारा बनतो. त्याच्या पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण क्षीण होते व हा ऱ्हास अनेक पटींनी वाढतो. काही ताऱ्यांत तो वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या एक लक्षांशापर्यंत पोहोचतो.

थंड ताऱ्यांच्या स्पंदनांमुळे त्यांचे बाह्य थर वर उचलले जातात. तेथे तापमान उतरून सिलिकेटचे वा कार्बनचे धूलिकण तयार होतात. ताऱ्याचा प्रकाश या कणांना बाहेर रेटतो आणि कण वायूलाही ओढून नेतात. हा वारा सौरवाऱ्यापेक्षा पुष्कळ मंद, सेकंदाला सुमारे १० ते २० किलोमीटर वेगाचा असतो. धूळ अल्प असलेल्या राक्षसी ताऱ्यांत चुंबकीय तरंगांचा वाटा असावा, असे मानले जाते.

असा विरळ वारा मोजण्याची संधी भुजंगधारी तारकासमूहातील आरएस ऑफियुची या जोडताऱ्याने दिली. यातील श्वेत बटूवर तांबड्या सोबत्याचे द्रव्य साचते व काही वर्षांनी स्फोट होतो. १२ फेब्रुवारी २००६ च्या स्फोटानंतर निमिषा कांथारिया व सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने त्याचा वेध घेतला. स्फोटाचा आघात वाऱ्यात शिरताना रेडिओ लहरी उत्पन्न होतात. पुढचा आयनीभूत वारा त्या शोषतो आणि कमी वारंवारतेच्या लहरी अधिक शोषल्या जातात. म्हणून लहरी किती दिवसांनी दिसू लागतात, यावरून वाऱ्याची घनता कळते. ६१० मेगाहर्ट्‌झला त्या २० व्या दिवशी, तर ३२५ मेगाहर्ट्‌झला ३८ व्या दिवशी आढळल्या. १९८५ च्या स्फोटात ३२७ मेगाहर्ट्‌झला ६६ व्या दिवशीही काही आढळले नव्हते. त्यावरून २००६ मधील वाऱ्याची घनता १९८५ च्या सुमारे ३० टक्केच असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला.

वारा एकसमान नसून बदलता असतो, हे यातून सूचित होते. त्याचे महत्त्व मोठे आहे. या श्वेत बटूचे वस्तुमान चंद्रशेखर मर्यादेच्या, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पटीच्या जवळ असल्याचे मानले जाते. सोबत्याने सोडलेल्या द्रव्यापैकी किती द्रव्य त्याच्याकडे टिकून राहते, यावर त्याचा अंत ठरेल. उरलेले द्रव्य अवकाशात विखुरते आणि पुढील पिढीच्या ताऱ्यांची व ग्रहांची सामग्री बनते.