बॉर्डरवरून मन घरी येतं का?

मित्रांनो, २६ जानेवारीचं संचलन टीव्हीवर बघताना आपल्या सगळ्यांचीच छाती फुगते. पण हाच जवान पंधरा-वीस वर्षं नोकरी करून चाळिशीच्या आसपास घरी येतो, तेव्हा त्याचं पुढे काय होतं? आमच्या सातारा जिल्ह्यात गावोगाव फौजी, त्यामुळे हा प्रश्न मला घरातच भेटला. माझे चुलते, आमचे तात्या, काश्मीरमध्ये दोनदा पोस्टिंग करून आले. पेन्शन सुरू झाली, घर बांधलं. पण रात्रीतून तीन-तीनदा उठून दाराची कडी तपासायचे. वरातीत फटाक्यांची माळ लागली की घामाघूम! गाव म्हणायचं, "फौजी माणूस, तापटच असायचा."

वैद्यकशास्त्रात याला नाव आहे. पहिल्या महायुद्धात 'शेल शॉक' म्हणत. पुढे व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी आणि काही डॉक्टरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे १९८० साली तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' म्हणजे पीटीएसडी हे निदान अधिकृत यादीत घेतलं.

आता आपल्या भाषेत सांगतो. मेंदूतला अमिग्डाला हा छोटासा भाग म्हणजे फायर अलार्म. सीमेवर त्याचं सेटिंग अगदी सेन्सिटिव्ह असावं लागतं. पान हललं तरी तो वाजला पाहिजे, कारण जीव त्यावर असतो. घरी आल्यावर कपाळामागचा, विचार करणारा भाग त्याला 'सगळं ठीक आहे' असा फीडबॅक देतो आणि सेटिंग हळूहळू पूर्ववत होतं. पीटीएसडीमध्ये हा फीडबॅक कमी पडतो. मग कुकरच्या शिट्टीनेही अलार्म वाजतो! झोप उडते, जुनी दृश्यं डोळ्यांपुढे येतात, माणसं नकोशी होतात. कित्येक जण दारूकडे वळतात. हा भित्रेपणा नव्हे. रिलेचं सेटिंग बिघडलं तर आपण रिलेला भेकड म्हणतो का? आणि सेटिंग दुरुस्तही होतं. तज्ज्ञांच्या मदतीने त्या आठवणींना थोडं थोडं सामोरं जाणं, जोडीला गरजेप्रमाणे औषधं, यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो.

सोयी अजिबात नाहीत असं नाही. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस योजना आणि तिची पॉलिक्लिनिक्स आहेत. 'टेलिमानस' ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत सैन्यदलांसाठी तिचा खास कक्षही निघाला.

मग अडतं कुठे? माणूस स्वतः येऊन "मला त्रास होतोय" म्हणेल, याची ही सगळी व्यवस्था वाट पाहते. आणि फौजेत तर आयुष्यभर शिकवलेलं असतं की कुरकुर करायची नाही! तात्या दवाखान्यात गेले होते बीपीच्या गोळ्या आणायला. काकीने धीर करून डॉक्टरांसमोर झोपेचा विषय काढला, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे जायची चिठ्ठी मिळाली. आज तात्या रात्रभर झोपतात. पण ज्यांच्या घरी कुणी विषयच काढत नाही, त्यांचं काय?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की बीपी-शुगर जशी न मागता तपासतात, तसे झोप, चिडचिड, दारू यांबद्दलचे चार प्रश्न निवृत्तीच्या वेळी आणि नंतर दर वर्षी प्रत्येकाला विचारले जावेत. घरच्यांनाही विचारावं. आणि प्रत्येक पॉलिक्लिनिकमध्ये त्यांच्या बोलीत बोलणारा समुपदेशक असावा.

हे सरकारने करायचं. पण आपल्या हातातही काही आहे. सिक्युरिटीच्या कामात अनेक माजी सैनिक असतात. रेक्टर सरांना विनंती, की कुणालाच सलग महिनाभर रात्रपाळी लावू नये. आणि मित्रांनो, बर्थडेला रात्री बाराला गेटपाशी सुतळी बॉम्ब नको. "काका, किती जणांना उडवलंत?" असं तर चुकूनही विचारू नका. "काका, झोप होते ना नीट?" असं विचारा. "नाही" म्हणाले, तर शेजारी बसा, ऐकून घ्या आणि एक नंबर द्या : १४४१६. फोन फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

— टी. ई. (इलेक्ट्रिकल)