शंभराची नोट आणि लिटरभर पेट्रोल

कोराडीच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या उत्तुंग धुराड्यांच्या छायेतून सकाळी नागपूरकडे निघणाऱ्या दुचाकींच्या गर्दीत, टाकीच्या तळचे थेंब तरी हाती लागावेत म्हणून गाडी कलती करून किक मारणारा एखादा गृहस्थ हमखास दिसतो. आणि पंपावर तो लिटरांचे नावच काढत नाही, ‘शंभराचं टाका’ एवढेच म्हणतो. २०२१ साली पेट्रोलने शंभरी ओलांडल्यापासून त्या नोटेत लिटरही येईनासे झाले.

केंद्राने २६ जून २०१० रोजी पेट्रोलदरावरील नियंत्रण उठवले आणि १६ जून २०१७ पासून देशभर दर रोज बदलू लागले, हे खरे. परंतु कच्च्या तेलाच्या भावावर केंद्राचे अबकारी शुल्क व राज्याचा मूल्यवर्धित कर चढतात, आणि वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर इंधन ठेवण्यात दोन्ही खजिन्यांचे हित आहे. २०२० साली कच्चे तेल मातीमोल झाले, तेव्हा शुल्कच वाढवले गेले. मला सर्वाधिक झोंबते ते हेच.

घरच्या हिशेबाच्या वहीत मात्र ‘पेट्रोल’ दुधाच्या खालीच बसते, आणि टेम्पोचे भाडे वाढले म्हणून भाजीवाला कोथिंबिरीची जुडी मुकाट्याने बारीक करतो.