मोतीबिंदू आणि अकरा खाटांचा हिशेब

साठी उलटलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य अनेक घरांत ऐकू येते : "मोतीबिंदू अजून पिकला नाही, दिवाळीनंतर बघू." दिवाळी सरते, मार्चअखेरचे हिशेब होतात, लग्नसराईही उरकते, पेढीवरची नजर मात्र दिवसेंदिवस अंधूक होत जाते. या वाक्याला एके काळी आधार होता. आज तो उरलेला नाही, आणि तो नाहीसा होण्यात मदुराईच्या एका रुग्णालयाचा वाटा मोठा आहे.

डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी (1918–2006) यांना तरुणपणीच संधिवाताने गाठले. हातापायांची बोटे वाकडी झाली. प्रसूतितज्ज्ञ होण्याचा विचार सोडून ते नेत्रचिकित्सेकडे वळले आणि त्याच वाकड्या बोटांनी त्यांनी आयुष्यात एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. 1976 साली, वयाच्या 58 व्या वर्षी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मदुराईत अवघ्या 11 खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले. त्यांतील 6 खाटा पैसे देऊ न शकणाऱ्यांसाठी होत्या, 5 देणाऱ्यांसाठी. देणाऱ्यांच्या शुल्कातून सर्वांचा खर्च भागवायचा, हे सूत्र कागदावर कोणत्याही व्यापाऱ्याला आतबट्ट्याचे वाटेल. ते तगले, याचे कारण दानशूरतेपेक्षा कामाच्या पद्धतीत शोधावे लागते.

शस्त्रक्रियागृहात एका तज्ज्ञासाठी दोन टेबले असतात. एका रुग्णाची शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्याची तयारी पूर्ण होते; पहिले काम संपताच डॉक्टर सूक्ष्मदर्शक वळवून दुसऱ्याकडे पाहतात. तपासणीची व शुश्रूषेची बहुतेक कामे खेड्यांतून निवडून शिकवून तयार केलेल्या मुली करतात. तज्ज्ञाचा वेळ हेच येथील सर्वांत महाग भांडवल, आणि ते क्षणभरही पडून राहत नाही. अमेरिकेतील मॅकडोनाल्डच्या उपाहारगृहांची शिस्त पाहून डॉक्टरांना ही प्रेरणा मिळाली होती. पदार्थांशी त्यांना कर्तव्य नव्हते, सर्वत्र सारख्याच दर्जाचे काम कसे होते याचे कुतूहल होते.

खरा अडसर होता कृत्रिम भिंगाचा. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले, तरी डोळा ते सहन करतो, हे इंग्रज नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडले यांनी हेरले आणि 1949 साली लंडनमध्ये पहिले भिंग बसवले. आपल्याकडे ते दीर्घकाळ आयातीच्या भावाने मिळे. 1992 साली अरविंद संस्थेने ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला आणि भिंगाची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आणली.

भिंग नव्हते तेव्हा मोतीबिंदू काढल्यावर जाड काचेचा चष्मा नशिबी येई. म्हणून तो पुरता पिकेपर्यंत थांबणे शहाणपणाचे होते. आता गणित उलटे झाले आहे. जुना, कडक झालेला मोतीबिंदू काढणे अधिक अवघड असते, आणि अतिपक्व झाल्यास तो डोळ्यातील दाब वाढवून नुकसान करू शकतो. वाचन, जिना उतरणे, रात्रीचे वाहन चालवणे अडू लागले की वेळ झाली, असे समजावे. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसले तर "मोतीबिंदू परत आला" असे म्हटले जाते. तो परत येत नाही. भिंगामागचा पातळ पडदा गढुळलेला असतो आणि लेझरने काही मिनिटांत मोकळा करता येतो.

मोतीबिंदू हे उशिरा का होईना, वसूल होणारे येणे आहे. काचबिंदू म्हणजे बुडीत कर्ज. त्यात दृष्टीची नस हळूहळू निकामी होते, बहुधा दुखत नाही, कडेची नजर आधी जाते आणि समोरचे शेवटपर्यंत दिसत राहते. गेलेली नजर कोणत्याही उपायाने परत येत नाही; नियमित थेंब, लेझर वा शस्त्रक्रियेने उरलेली तेवढी राखता येते. आईवडिलांना वा भावंडांना काचबिंदू असेल त्यांनी चाळिशीनंतर डोळ्यातील दाब आणि नस तपासून घेण्यास टाळाटाळ करू नये. चाळिशीचा चष्मा दुकानातून आणला म्हणजे डोळे तपासले, असे होत नाही.

दिवसभर गादीवर बसणाऱ्या व्यापारी वर्गात मधुमेहाचे प्रमाण कमी नाही. त्याने दृष्टिपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, आणि दिसण्यात फरक जाणवेपर्यंत बराच बिघाड झालेला असू शकतो. मधुमेह कळला त्या वर्षापासून दरवर्षी पटलाची तपासणी हवी. लहान मुलांचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी : एका डोळ्याचा नंबर जास्त असून चष्मा लागला नाही, तर तो डोळा आळशी बनतो. उपचार जितके लवकर तितके उपयोगी.

डोळे लाल झाले की औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणण्याची सवय मात्र धोक्याची आहे. त्यांत स्टेरॉइड असल्यास, दीर्घ वापराने काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही उद्भवू शकतात.

तपासणीला जाताना बरोबर कोणीतरी असावे. पटल पाहण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर काही तास जवळचे अक्षर लागत नाही आणि ऊन सहन होत नाही. गाडी चालवू नये, आणि त्या दिवशीच्या धनादेशांवर सह्या आधीच उरकून घ्याव्यात.