एका मुठीचे किती ग्रॅम?

सकाळी ८.०५. ऐरोली स्टेशन. पर्समध्ये डब्याखाली स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आहे. निघताना सासूबाईंनी विचारलंच, “शाळेत आता भाजी विकणार का?” दुसरीच्या मुलांसोबत तांदूळ मोजायचेत म्हटल्यावर त्या गप्प झाल्या, पण पटलं नसावं.

८.३५. कोपरखैरणे. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आत भरवू नयेत, असा शासन निर्णय २०२४ मध्ये निघाला. तेव्हापासून पहिल्या तासाला मुलांचे डोळे उघडे तरी असतात. फळ्यावर तारीख, वार, पटसंख्या लिहिली. सुविचार टाळला. ‘दान हे श्रेष्ठ कर्म’ लिहिलं की मुलं ते वळणदार अक्षरात वहीत उतरवतात, आणि दान वहीतच राहतं.

९.१५. परिपाठ संपला. टेबलावर पत्र्याचा डबा, तोंडावर माझ्या जुन्या ओढणीचं फडकं, मधोमध हात जाईल एवढी चीर. प्रत्येकाने घरून एक मूठ तांदूळ आणायचे. एकच, जास्त नाही. आज पाचवा दिवस. २ ते ८ ऑक्टोबरला देशभर दान उत्सव होतो, तो २००९ पासूनचा. मुठीची रीत त्याहून कितीतरी जुनी. भाताचे तांदूळ काढताना एक मूठ बाजूला ठेवायची, हे आपल्याकडे घरोघरी होतं. पणजीत तर पोर्तुगीज अमदानीत अशा मुठींवर मराठी शाळा चालली आणि संस्थेचं नावच मुष्टिफंड पडलं.

फडक्याचं कारण सांगायला हवं. गेल्या वर्षी मी पैसे गोळा केले होते आणि फळ्यावर नावापुढे रक्कम लिहिली होती. कुणाचे दहा, कुणाचे पन्नास. एका नावापुढची जागा रिकामी राहिली. तो मुलगा दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची आई आली, वीसची घडी घातलेली नोट पुढे करून म्हणाली, “बाई, जरा उशीर झाला.” ती नोट मी घेतली. घ्यायला नको होती.

आता नियम असा: मूठ मिटून आत घालायची, उघडून बाहेर काढायची. मुठीत तांदूळ होते की नव्हते, हे त्या मुलालाच ठाऊक.

१०.४०. गणित. मी आणलेल्या तांदळातून एकेकाने मूठ भरून काट्यावर ठेवायची, आधी अंदाज सांगायचा. पहिला अंदाज ‘एक किलो’. काट्यावर आले बत्तीस ग्रॅम. मग सत्तावीस, एकतीस, आणि एका चिमुरडीचे एकोणीस. इथल्या बऱ्याच मुलांचे वडील वाशीच्या बाजार समितीत माथाडी आहेत, पन्नास किलोची गोणी पाठीवर घेणारे. एकाचे वडील तोलणार. त्याने मला अडवलंच, “बाई, ताटलीचं वजन वजा करा ना आधी!”

मूठ तीस ग्रॅमची धरली, मुलं छत्तीस, दिवस पाच. पाच किलो चारशे व्हायला हवेत. डबा रिकामा करून मोजला तर चार किलो शंभर.

“बाई, कमी भरले.”

मी खडू शोधत राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, “काहींच्या मुठी छोट्या असतात.” विषय तिथेच मिटला.

१२.३०. खिचडी. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ धरतात. हात धुता धुता दोघींनी हिशेब केला: एक्केचाळीस जणांचं जेवण. म्हणजे आपला वर्ग जेवला आणि वर पाच पाहुणे.

१.१५. द्यायचे कुणाला? आधी दोघादोघांनी बोलायचं, मग वर्गात सांगायचं. ‘मूल्यवर्धन’ हा मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या शाळांतून सुरू झाला. त्यातली ही जोडीचर्चा मला फार आवडते, कारण तेवढा वेळ बाई गप्प बसतात. नावं आली: गेटवरचे वॉचमनकाका, गणपतीबाप्पा, लंगडा कुत्रा. कुत्र्याला भरपूर मतं पडली. शेवटी ठरल्या त्या चाळीत एकट्या राहणाऱ्या, बाजारात धान्य निवडायला जाणाऱ्या आजी. सगळे उठायच्या बेतात, तेवढ्यात एकोणीस ग्रॅमवाली म्हणाली, “पण त्यांना चालेल का, विचारायला नको?”

हे मला सुचलं नव्हतं. तिच्या घराशेजारीच त्या राहतात. आज संध्याकाळी ती आईला घेऊन विचारून येणार आहे.

२.२०. ग्रुपवर टाकायला फोटो मागितला गेला. डब्याचा पाठवला, झाकण लावलेला.

२.५०. परतीची लोकल. पाचव्या दिवशी डब्याभोवतीची सुतळी सैल झाली आहे, रबर घ्यायला हवं. आणि कुणाकडे पत्र्याचा मोठा डबा पडून असेल, तर जरूर द्या. तिसरीच्या बाईंनाही एक हवा आहे. फडकं आहे माझ्याकडे.